समपातळीची रेघ आणि वहिवाटीचा बांध

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत सापडलेल्या माणदेशापासून सोलापूर-नगरपर्यंतच्या मुलखात वर्षाकाठी सरासरी 500 ते 700 मिलिमीटर पाऊस पडतो. आणि तोही असा की, पडू लागला म्हणजे दोन-चार दणक्यांत महिन्याचा हिशेब उरकून टाकतो व मग पंधरा-पंधरा दिवस, कधी महिना-महिना, आभाळाकडे पाहत बसावयास लावतो. अशा दणक्याने कुळवलेल्या रानातून गढूळ पाण्याचा जो लोट ओढ्याकडे धाव घेतो, त्यातून काय वाहून चालले आहे हे त्या रानाच्या धन्यास कळत नसेल असे मानावयास काडीचाही आधार नाही. पाण्याचा रंग तांबूस आहे की काळसर, यावरून पाऊस वरच्या माळावर झाला की खालच्या काळीत, हे सांगणारी माणसे त्या मुलखात गावोगाव आढळतात. तरीही माती अडविण्याच्या, ओल राखण्याच्या आणि जमिनीचा कस टिकविण्याच्या ज्या रीती तज्ज्ञांनी वारंवार सांगितल्या, त्यांतील काही शेतकऱ्याने आनंदाने घेतल्या, काही अनुदान मिळाले तोवर पाळल्या आणि काही तर रातोरात कुदळ लावून मोडून टाकल्या. या भेदाचे कारण अज्ञान, आळस अथवा परंपरेचा अभिमान यांत शोधण्याची जुनी सवय आहे. मला ते कारण अन्यत्र दिसते. एखाद्या उपायाचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, त्याचा लाभ कोणाच्या बांधाच्या आत राहतो आणि तो लाभ हाती येईपर्यंतचा काळ कोणी सोसावयाचा, हे तीन हिशेब मांडल्यावाचून शेतकऱ्याच्या होकाराचा किंवा नकाराचा अर्थ लागत नाही.

या प्रश्नाचा इतिहास आपल्याच मुलखात पुष्कळ जुना आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी 1917 साली पिंपळे सौदागर या गावाची बारकाईने पाहणी करून जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात 1771 साली सरासरी 40 एकरांची असलेली खातेदाराची जमीन 1914-15 पर्यंत 7 एकरांवर कशी आली हे दाखविले होते. पुढे 1923 मध्ये मांजरी येथे आणि 1933 मध्ये सोलापुरास कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे काम सुरू झाले, आणि त्यातून रा. ना. वि. कानिटकर व त्यांचे सहकारी यांच्या परिश्रमाने ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’ आकारास आली: समपातळीवर बांध घालावेत, दर तीन वर्षांनी एकदा खोल नांगरट करावी, शेणखत घालावे, बियाणे थोडे आणि ओळींतील अंतर जास्त ठेवावे, आणि कोळपण्या वारंवार द्याव्यात. शास्त्राच्या दृष्टीने यातील एकही गोष्ट चुकीची नव्हती. परंतु हेक्टरी 200 ते 400 किलो ज्वारी देणाऱ्या जमिनीत या साऱ्या खटाटोपाने उत्पन्न वाढत असे ते शेकडा 15 ते 20. म्हणजे हेक्टरी 30 ते 80 किलो, एका पोत्याच्याही आत. तेवढ्यासाठी नांगरटीस दोन-तीन बैलजोड्या जमवावयाच्या, जास्तीच्या कोळपण्यांची मजुरी द्यावयाची आणि घरात नसलेले शेणखत विकत आणावयाचे, हा सौदा ज्याने नाकारला त्याचे गणित कच्चे होते असे कोण म्हणेल?

बांधांचे प्रकरण मात्र याहून गुंतागुंतीचे आहे, आणि ते थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. 1942 साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. एखाद्या टापूची योजना आखावी, ती जाहीर करून हरकती मागवाव्यात, आणि एकदा ती मंजूर झाली म्हणजे त्या टापूतील सर्व खातेदारांवर ती बंधनकारक व्हावी, त्यांच्या वाट्याचा खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता यावा, अशी त्याची रचना होती. पाणलोट एक असेल तर उपायही एकच असावयास हवा, हा त्यामागील विचार निर्दोष होता. त्या विचारानुसार सर्व्हेअर दुर्बीण लावून समान उंचीच्या बिंदूंची रेघ आखीत जाई, आणि त्या रेघेवर मजूर मातीचा बांध घालीत. पाणी उताराने जाते, तेव्हा त्याला उताराशी काटकोनात अडविले पाहिजे. निसर्गाचा नियम तेवढाच आहे.

परंतु दख्खनमधील शेताची वाटणी निसर्गाच्या नियमाने झालेली नसते. चार भावांत जमीन वाटावयाची झाली तर प्रत्येकास थोडा माळ, थोडी मध्यम जमीन आणि ओढ्याकाठची थोडी काळी मिळावी, हाच न्याय्य वाटा. आणि म्हणून पट्ट्या पडतात त्या वरून खाली, माळापासून ओढ्यापर्यंत, उताराच्या दिशेने लांबच लांब. अशा अरुंद उभ्या पट्ट्यांवरून समपातळीची वळणे घेत जाणारी रेघ नेली म्हणजे काय घडते ते प्रत्यक्ष शेतात उभे राहिल्यावाचून कळावयाचे नाही. तीन एकरांच्या एका पट्टीचे वाकडेतिकडे तीन-चार तुकडे होतात. कोपऱ्यात तिकोनी शेपटे उरतात, तेथे पाभर वळत नाही, बैलांना मागे रेटावे लागते, आणि एवढे करूनही दोन-दोन हात जागा पेरणीवाचून राहते. बांधाखाली गेलेली जमीन ती निराळीच. मग पाऊस पडतो, आणि अडलेले पाणी रेघेवरील सर्वांत सखल जागा शोधून एकाच खातेदाराच्या रानात तुंबते. भारी काळ्या जमिनीत तर ते आठवडाभर हटत नाही आणि उभे पीक पिवळे पडून जाते. त्याच काळ्या जमिनीला उन्हाळ्यात ज्या हातभर भेगा पडतात, त्या बांधालाही पडतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात बांध तेथूनच फुटतो. पाणी काढून देण्यासाठी सांडवा ठेवावा, तर त्याचे तोंड शेजाऱ्याच्या पट्टीवर उघडते. एकाची माती वाचावी म्हणून दुसऱ्याच्या रानात ओघळ पडावी, हे कोणत्या शेजारधर्मात बसते? मग एखाद्या रात्री बांध फोडला जातो, आणि ‘शेतकऱ्यांच्या असहकारामुळे योजनेस अपेक्षित यश आले नाही’ असा शेरा दफ्तरी पडतो.

जॉन केर आणि एन. के. संघी या दोन अभ्यासकांनी भारताच्या निमशुष्क प्रदेशातील देशी मृत्संधारणाचा जो वृत्तांत 1992 साली प्रसिद्ध केला, त्यात हीच गोष्ट अनेक गावांच्या आधारे मांडलेली आहे. सरकारी खात्याची पसंती समपातळीच्या बांधास, शेतकऱ्याची पसंती हद्दीवरच्या बांधास. हद्दीवरचा बांध शास्त्रदृष्ट्या दुय्यम असेल. परंतु तो घालण्यास कोणाची संमती लागत नाही, पेरणीस त्याची अडचण होत नाही, त्यामागे साठलेली माती आपलीच राहते, आणि शिवाय आपली हद्द कायम होते. ही शेवटची गोष्ट हलकी समजू नये. दर नांगरटीला वीतभर बांध कोरीत जाणाऱ्या शेजाऱ्याशी कोर्टकचेरी करण्यात ज्या मुलखात दोन-दोन पिढ्या खर्ची पडतात, तेथे रुंद आणि दगडाने रचलेला बांध हा माती अडविण्याचा उपाय असतो आणि मालकीचा दस्तऐवजही असतो. विदर्भात धुऱ्यावरून, म्हणजे हद्दीच्या बांधावरून, जी वैरे धुमसतात, त्यांचे मूळही हेच.

शेतकऱ्याच्या स्वतःच्या रीतीकडे पाहिले म्हणजे त्याला संधारणाचा तिटकारा नाही, हे तत्काळ ध्यानी येते. माणदेशात व सोलापूरकडे ताली घालण्याची चाल जुनी आहे. रानातून ओघळ निघालेली असते. तिच्या तोंडाशी उन्हाळ्याच्या रिकाम्या दिवसांत घरची माणसे वेचलेल्या धोंड्यांची एक बुटकी भिंत रचतात. पहिल्या पावसाळ्यात तिच्यामागे टोपलीभर गाळ बसतो. पुढल्या उन्हाळ्यात तीवर धोंड्यांचा आणखी एक थर चढतो. पुन्हा गाळ, पुन्हा थर. दहा-पंधरा वर्षांत ओघळीच्या जागी सपाट, खोल मातीचे आणि ओल धरणारे एक लहानसे वावर तयार होते, आणि दुष्काळी वर्षी साऱ्या शेतात काही न पिकले तरी त्या तुकड्यात कणसे भरतात. या कामात रोकड लागत नाही. लागतात ते ज्या दिवसांना बाजारात मोल नाही असे दिवस. काम हप्त्याहप्त्याने होते, चूक झाली तर पुढल्या वर्षी दुरुस्त करता येते, आणि लाभ पहिल्या वर्षापासून डोळ्यांसमोर वाढत जातो. खात्याचा बांध मात्र एकाच हंगामात, पूर्ण उंचीचा, मार्चअखेर उद्दिष्ट गाठण्यासाठी घातला जाई. आणि 1972 च्या दुष्काळात तर कामावर आलेल्या लक्षावधी हातांना मजुरी देणे हेच पहिले कर्तव्य ठरल्यामुळे, बांध कोठे हवा यापेक्षा आज किती ब्रास माती उचलली यालाच स्वाभाविकपणे महत्त्व आले. त्या कामाने माणसे जगली, ही गोष्ट कृतज्ञतेनेच नमूद केली पाहिजे. मात्र ते बांध शेतकऱ्याने आपले मानले नाहीत, हीही गोष्ट तितकीच खरी आहे.

यावर कोणी म्हणेल की लहान शेतकरी भित्राच असतो आणि नव्या गोष्टीत हात घालावयास धजत नाही. या समजुतीची एक अत्यंत मनोवेधक परीक्षा आपल्याच जिल्ह्यांत झालेली आहे. हैदराबादेजवळच्या पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 1975 पासून सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, तसेच अकोला आणि महबूबनगर जिल्ह्यांतील काही गावांचा दीर्घ अभ्यास आरंभिला. त्या अभ्यासातच हान्स बिन्स्वांगर या अर्थशास्त्रज्ञाने शेतकऱ्यांना खऱ्या पैशांचा एक खेळ खेळावयास दिला. नाणे उडवावयाचे, पण त्याआधी अनेक पर्यायांतून एक निवडावयाचा. एका पर्यायात छापा पडो की काटा पडो, 50 रुपये निश्चित. दुसऱ्यात एका बाजूस 30, तर दुसरीस 150. अगदी शेवटच्या पर्यायात एका बाजूस काहीच नाही आणि दुसरीस 200. त्या काळी ही रक्कम मजुराच्या दृष्टीने लहान नव्हती. 1980 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, बहुतेक लोक ना अगदी भित्रे निघाले, ना जुगारी. रक्कम मोठी झाली म्हणजे ते मधल्या पर्यायांकडे वळले. आणि विशेष हे की, धनवान व गरीब यांच्या वृत्तीत फारसा फरक आढळला नाही. तात्पर्य, बागाईतदार नवे बियाणे, नवे अवजार लवकर घेतो आणि कोरडवाहू अल्पभूधारक मागे राहतो, यामागे दोघांच्या काळजाची घडण वेगळी आहे असे दिसत नाही. पतपेढीत कोणाचा शब्द चालतो, एक हंगाम बुडाला तर कोणाच्या कणगीत दाणा शिल्लक असतो, हेच वेगळे असते. माझ्या मते या विषयावर पन्नास वर्षांत लिहिल्या गेलेल्या मजकुरात याइतकी विचार करावयास लावणारी गोष्ट विरळा.

आणि कणगीत काय उरते हे जमिनीच्या आकारावर अवलंबून आहे. महाराष्ट्रातील सरासरी वहिती धारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 च्या कृषिगणनेत 1.34 हेक्टर झाली. चार हेक्टरांचा धनी त्यांतील अर्धा एकर प्रयोगासाठी बाजूस ठेवू शकतो. सव्वा हेक्टरवाल्याचा प्रयोग म्हणजे त्याचा वर्षाचा दाणागोटाच.

काळाचा हिशेब तर याहून कठोर आहे. मातीतील सेंद्रिय द्रव्य वाढून कस सुधारण्यास कित्येक वर्षे जावी लागतात, आणि सोसायटीचे पीककर्ज मात्र वर्षाच्या आत फेडावयाचे असते. त्यातच जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, अशी स्थिती असली तर संधारणाचा विचारही संभवत नाही. 1948 च्या कुळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने असंख्य कुळांना जमिनीचे मालक केले, हे त्या कायद्याचे थोर कार्य. परंतु त्याच कायद्याच्या धास्तीने पुढे मालक मंडळी कूळ कागदावर येऊ देईनाशी झाली, आणि तोंडी, एकसाली बटाई किंवा खंड रूढ झाला. पुढल्या पाडव्याला हे रान आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने त्यात वीस गाड्या शेणखत का ओतावे? खताचा गुण तीन वर्षे टिकतो आणि करार एका वर्षाचा असतो. जिचे नाव सातबाऱ्यावर नाही आणि जिला पीकप्रात्यक्षिकाला कोणी बोलावीतही नाही, पण खुरपणीचे सारे ओझे जिच्या कमरेवर पडते, त्या घरच्या स्त्रीचा विचारही येथेच केला पाहिजे. कारण नांगरट बंद केल्याने तण वाढले तर त्या निर्णयाची किंमत ती चुकती करते.

अलीकडे ज्याला संवर्धित शेती असे म्हणतात, तिची तीन सूत्रे आहेत: मातीची उलथापालथ शक्य तितकी कमी करावी, जमीन काडीकचऱ्याने बारमाही झाकलेली ठेवावी, आणि पिकांची फेरपालट करावी. अमेरिकेच्या मध्यभागातील गवताळ प्रदेशात 1930 नंतरच्या दशकात धुळीच्या ज्या भयंकर वावटळी उठल्या, त्यांतून या विचाराला चालना मिळाली, आणि पुढे ब्राझील व अर्जेंटिनाच्या विस्तीर्ण शेतांवर त्याचा मोठा प्रसार झाला. तेथील सूत्र सोलापूरच्या रब्बीत आणावयाचे झाले की दुसऱ्या सूत्रापाशीच पाय अडतो, कारण येथे काडीकचरा नावाची वस्तूच नाही. आहे तो कडबा. ज्वारी काढून झाली म्हणजे ताटे उपटून पेंढ्या बांधतात, त्यांची गंज रचतात, आणि वर्षभर दावणीच्या जनावरांचा निर्वाह त्यावर होतो. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ज्वारी इतकी दशके टिकून राहिली, त्यात भाकरीच्या गोडीइतकाच कडब्याच्या प्रतीचाही वाटा आहे. दुष्काळात दाण्यापेक्षा कडब्यासाठी अधिक वणवण करणारी घरे आपण पाहतो. अशा घरधन्याला ‘कडबा रानात पसरा, मातीची ओल टिकेल’ असे सांगणे म्हणजे बैलाच्या तोंडचा घास काढून जमिनीस घालावयास सांगणे होय. आणि बैल उद्या सकाळी हंबरतो, जमीन हंबरत नाही. आफ्रिकेतही नेमका हाच पेच आढळतो. झिंबाब्वेसारख्या देशात कापणीनंतर शेते गावच्या गुरांना मोकळी असतात, त्यामुळे एकट्या शेतकऱ्याने धसकटे राखावयाची म्हटले तरी ती राहत नाहीत. केन गिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली हा मुद्दा ठामपणे मांडला, तेव्हा संवर्धित शेतीच्या पुरस्कर्त्यांत मोठीच खळबळ उडाली होती.

याउलट उसाचे पाचट पाहा. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते, आणि वाळलेले पाचट कोणतेही जनावर आवडीने खात नाही. तरीही वर्षानुवर्षे ते पेटविले जाते. का, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणत्याही ऊसकऱ्यास विचारावे. पाचट सरीत राहिले तर पाणी पुढे सरकत नाही, एका सरीस तास लागावयाचा तेथे दीड तास लागतो, आणि विजेची पाळी तर रात्रीची आठच तास. पाचटात उंदीर होतात. खोडव्याला वेळेवर फूट येत नाही. बुडखे छाटणे आणि भरणी करणे अवघड जाते. पेटविले की काडीच्या एका टोकाने सारे संपते. म्हणून ज्यांनी पाचट राखावयास आरंभ केला त्यांनी शिफारस जशीच्या तशी घेतली नाही. त्यांनी एका आड एक सरीत पाचट दाबले आणि मोकळ्या सरीतून पाणी दिले. ही युक्ती लहान दिसते, पण तिने पाण्याच्या पाळीची अडचण दूर केली, आणि अडचण दूर होताच पाचट ठेवण्यास दुसरे आमिष दाखवावे लागले नाही. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी विनानांगरणीच्या ऊसशेतीविषयी जे लेखन केले, ते शेतकऱ्यांनी एवढ्या आवडीने वाचले याचेही कारण मला हेच दिसते की, ते स्वतः ऊस पिकविणाऱ्याने, अशा बारीकसारीक अडचणींसकट लिहिलेले होते.

कोकणातील भाताची कथा या संदर्भात फार उद्बोधक आहे. परंपरेने भातशेती म्हणजे कष्टांची एक माळच. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, कवळे पसरून राब भाजावयाचा, पावसाच्या तोंडाशी त्यात रोपे करावयाची, मग भर पावसात गुडघाभर पाण्यात चिखलणी, आणि मागोमाग दिवसदिवस ओणवे राहून लावणी. कर्जत तालुक्यातील नेरळजवळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा भात तंत्र’ या नावाने जी पद्धत विकसित केली, तीत राब नाही, चिखलणी नाही आणि लावणीही नाही. एकदाच गादीवाफे करावयाचे. लोखंडी साच्याने त्यांवर समान अंतरावर भोके पाडावयाची. प्रत्येक भोकात तीन-चार दाणे टोकावयाचे. आणि कापणीनंतर बुंधा-मुळे उपटावयाची नाहीत, ती वाफ्यातच कुजू द्यावयाची. पुढल्या हंगामात पुन्हा नांगरट नाही, त्याच वाफ्यांवर वाल, हरभरा किंवा पुन्हा भात. कुजलेल्या मुळांच्या जागी मातीत सूक्ष्म नळ्या उरतात, त्यांतून हवा आणि पाणी खेळते, गांडुळे परत येतात, आणि दोन-तीन हंगामांत वाफ्याची माती हातात घेतली तरी फरक जाणवतो.

मातीच्या दृष्टीने ही मोठीच मिळकत आहे. परंतु रायगडच्या शेतकऱ्याने ही पद्धत उचलली ती गांडुळांसाठी नव्हे. त्याची तरुण मुले मुंबई-पनवेलच्या नोकरीत आहेत. लावणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर साऱ्या गावाला एकाच आठवड्यात हवा असतो आणि मजुरी दुप्पट होते. रोपे तयार आहेत आणि पाऊस दडी मारून बसला आहे, ही चिंता वेगळीच. त्याला लावणीतून सुटका हवी होती, आणि ती पहिल्याच हंगामात मिळाली. माती मागाहून सुधारली. येथे मला एक गोष्ट मनापासून म्हणावीशी वाटते: संधारणाचा प्रसार करणाऱ्यांनी शेतकऱ्याच्या मनात मातीविषयी ममता उत्पन्न करण्याचा खटाटोप सोडून द्यावा, ती तेथे पूर्वीच आहे, त्यांनी त्याच्या यंदाच्या अडचणीवर हात ठेवणारा आणि त्याच ओघात माती राखणारा उपाय शोधावा. अर्थात या पद्धतीलाही एक उणी बाजू आहे. चिखलणीने तण गाडले जाई, ते आता तणनाशकाने मारावे लागते. आणि त्या औषधावरचे अवलंबन वाढले तर एका ऋणातून सुटून दुसऱ्यात अडकल्यासारखे होईल. यावर उपाय शोधणे हे आज त्या पद्धतीच्या चाहत्यांपुढचे मुख्य काम आहे, असे मी समजतो.

एकाच उपायाचे दोन काळांत दोन प्रकारे स्वागत कसे होते, याचे उदाहरण म्हणजे रुंद वरंबा-सरी. इक्रिसॅटने काळ्या भारी जमिनींसाठी ही पद्धत सिद्ध केली, ती एका समग्र संचाच्या रूपाने: दीड मीटर अंतराचे वरंबे-सऱ्या, सुधारित बियाणे, खत, पावसापूर्वीची धूळपेरणी, दुबार पीक आणि या साऱ्यासाठी चाकांचे एक बैलअवजार. शेतकऱ्यांनी संचातून बियाणे घेतले, खत घेतले, कोठे धूळपेरणी घेतली, आणि अवजार व वरंबे ठेवून दिले. अवजाराची किंमत बैलजोडीवाल्याच्या ऐपतीत बसणारी नव्हती. पुढे विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन आले, भाड्याचे ट्रॅक्टर गावोगाव झाले, आणि बीबीएफ या नावाने ओळखले जाणारे पेरणीयंत्र ट्रॅक्टरला जोडून मिळू लागले. 2018 पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही त्याचा पुरस्कार केला. बियाणे कमी लागते, अतिवृष्टीत सरीतून पाणी निघून जाते, आणि खंड पडला तर तीच सरी ओल धरते, हे शेजारच्या रानात दिसू लागले, तेव्हा तेच वरंबे लोक मागू लागले. तरीही अडचण उरते ती वाफशाची. पेरणीजोगा वाफसा चार दिवस टिकतो, आणि गावात यंत्र एक. पाचव्या दिवशी ज्याची पाळी येते तो वाट पाहत बसत नाही, साध्या पेरणीयंत्राने उरकून घेतो. आणि पाहणीच्या तक्त्यात ‘तंत्राचा अवलंब न करणारा’ म्हणून त्याची नोंद होते.

ज्या गोष्टी एकट्याने करता येत नाहीत त्यांचा मार्ग निराळा. माळावर चर खणले, गवत वाढू दिले, तर त्याचा लाभ खालच्या विहिरींना मिळतो. आणि खणणारा, राखणारा मात्र वरचा. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने 1990 नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान स्वीकारले, आणि पुढे तर पिकांसाठी बोअर न घेण्याचे व ऊस न लावण्याचे बंधनही ग्रामसभेने घालून घेतले. शेजारचे राळेगणसिद्धी डोळ्यांसमोर होते, म्हणून हे घडू शकले. जवळच्या गावातील हिरवा माळ जे पटवितो ते पत्रक पटवीत नाही. पण अशा बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याला विहीर आहे त्याचे पाणी वाढते; ज्याला जमीन नाही आणि चार शेळ्यांवर ज्याचे घर चालते, त्याची पहिली दोन-तीन वर्षे फार अवघड जातात. महाराष्ट्रातील पाणलोट प्रकल्पांच्या पाहण्यांत मेंढपाळ आणि भूमिहीन यांच्या या हानीचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. जेथे कापून आणलेल्या गवतावर त्यांचा हक्क आधी ठरविला गेला आणि चर खणण्याची मजुरी त्यांनाच मिळाली, तेथे बंदी टिकण्याची शक्यता अधिक. जेथे तसे झाले नाही तेथे माळावर पुन्हा शेळ्या शिरल्या, आणि त्याबद्दल त्या शेळीवाल्यांस दोष देण्याचा अधिकार मला तरी कोणाला दिसत नाही.

डंकन नोलर आणि बेन ब्रॅडशॉ या दोघांनी 2007 साली जगभरच्या 23 अभ्यासांची छाननी करून पाहिले की शिक्षण, वय, क्षेत्र, उत्पन्न, कर्ज, सल्ला यांपैकी कोणती गोष्ट सर्वत्र संवर्धित शेतीच्या स्वीकारास कारण होते. सर्वत्र लागू पडेल असे कारण जवळजवळ एकही निघाले नाही. एका देशात मोठे क्षेत्र उपकारक, तर दुसऱ्यात तेच अपकारक. हा निष्कर्ष पुष्कळांना निराशाजनक वाटला. मला तो साधा आणि सयुक्तिक वाटतो, कारण सोलापुरात ज्या प्रश्नाचे नाव कडबा आहे, त्याचे नाव कोल्हापुरात पाण्याची पाळी आहे आणि कर्जतेस मजूर आहे. ज्या गावात उपाय न्यावयाचा त्या गावातील नाव आधी विचारून घ्यावे लागते, आणि ते विचारण्यास एका कृषी सहायकाकडे अनेक गावे, प्रत्येक योजनेचे वेगळे उद्दिष्ट आणि मार्चअखेरची मुदत असून भागत नाही.

या दृष्टीने एक सुधारणा अगदी आवाक्यातली आहे. बांधबंदिस्तीचे अंदाजपत्रक एका वर्षाचे न करता चार-पाच उन्हाळ्यांचे करावे. पहिल्या वर्षी बुटका बांध, खातेदाराने स्वतः दाखविलेल्या जागी, शक्य तेथे त्याच्या हद्दीला धरून. पावसाने जागा बरोबर ठरविली तर पुढल्या वर्षी त्यावर थर, आणि चुकीची ठरविली तर फेरफार. सांडव्याचे तोंड कोठे उघडावे हे वरच्या आणि खालच्या दोन्ही खातेदारांना एकत्र उभे करून, दोघांच्या सह्या घेऊन ठरवावे. दुरुस्तीची जबाबदारी आज खातेदाराची मानली जाते आणि तिच्यासाठी पैसा मात्र ठेवलेला नसतो. बांध पहिल्या तीन पावसाळ्यांतच बहुधा फुटतात, तेव्हा निदान त्या तीन वर्षांच्या डागडुजीची मजुरी, वैशाख-ज्येष्ठात घरच्याच माणसांनी केलेल्या कामाबद्दल, त्याच लेखाशीर्षातून देण्याची तरतूद व्हावी.